जुन्या बोलेरोत मागचा एसी : गारवा मागे हवा असेल तर आधी बोनेट उघडा

माझ्याकडे २०११ सालची बोलेरो आहे. इंजिन अजून ठणठणीत आहे, चेसिसला गंज लागलेला नाही आणि विदर्भातल्या आडवाटांवर तिने आजवर कधी दगा दिलेला नाही. परंतु मधल्या रांगेत बसणाऱ्या माझ्या सत्तरी ओलांडलेल्या आईला मे महिन्यात या गाडीतून नागपूर ते चंद्रपूर हा प्रवास सोसत नाही. पुढे बसलेल्यांना डॅशबोर्डमधल्या झोताने हुडहुडी भरते म्हणून ते ब्लोअर कमी करतात, आणि त्याच वेळी मागची माणसे ओल्या रुमालाने मान पुसत असतात. २००५ साली आलेल्या इनोव्हाने छतातल्या झरोक्यांमधून मागच्या प्रवाशांपर्यंत गार हवा पोहोचवली आणि सात आसनी गाडीकडून लोकांची अपेक्षाच बदलली. बोलेरो मात्र पुढच्या एकाच एसीवर राहिली. अशा गाडीत मागचा एसी नंतर बसवून घेता येतो का, असे मला ओळखीचे अनेक जण विचारतात. घेता येतो. मात्र त्याआधी गाडीचा एसी नेमका कसा चालतो हे मालकाने समजून घेतले पाहिजे, कारण हे काम फसते ते बहुधा बोनेटखाली, आणि दोष दिला जातो तो मागे बसवलेल्या डब्याला, म्हणजे मागच्या कॉइल-ब्लोअरच्या युनिटला.

उष्णता उचलणारे यंत्र

माठातले पाणी गार कसे होते हे आपल्याला लहानपणापासून ठाऊक असते. माठाच्या अंगातून पाझरलेले पाणी वाफ होऊन उडते आणि वाफ होण्यासाठी लागणारी उष्णता ते माठाकडून आणि आतल्या पाण्याकडून घेते. गाडीतला एसी याच नियमावर चालतो. फरक एवढाच की माठातले पाणी उडून जाते, आणि एसीतला द्रव मात्र बंद नळ्यांमधून फिरवून पुन्हा पुन्हा वापरला जातो. पाण्याऐवजी तेथे आर-१३४ए नावाचे रसायन असते, ज्याला गॅरेजमध्ये सरसकट ‘गॅस’ म्हणतात. मोकळ्या हवेत ते उणे २६ अंश सेल्सिअसला उकळते, म्हणून त्याला दाबाखाली ठेवावे लागते, आणि दाब बदलला की त्याचा उकळण्याचा बिंदूही बदलतो. एसीची सगळी करामत या एका गुणावर उभी आहे.

इंजिनाच्या बेल्टवर फिरणारा कॉम्प्रेसर कमी दाबाचा वायू ओढून घेतो आणि दाबून गरम व जास्त दाबाचा करतो. हा वायू रेडिएटरच्या पुढे असलेल्या कंडेन्सरमध्ये जातो, तेथे वाऱ्याला आपली उष्णता देतो आणि द्रव होतो. हा द्रव ड्रायरमधून गाळून, त्यातला ओलावा काढून, एक्सपान्शन व्हॉल्व्हच्या अगदी बारीक वाटेने पुढे सोडला जातो. वाट ओलांडताच दाब एकदम उतरतो, द्रव शून्य अंशाच्या जवळपास उकळू लागतो आणि त्यामुळे गार झालेल्या कूलिंग कॉइलवरून ब्लोअर केबिनमधली हवा फिरवतो. हवेची उष्णता घेऊन वायू झालेले रसायन परत कॉम्प्रेसरकडे येते आणि तीच फेरी पुन्हा सुरू होते.

या वर्णनातली एक गोष्ट नीट लक्षात ठेवावी, कारण पुढचे सगळे तिच्यावर अवलंबून आहे. केबिनमधून उचललेली उष्णता आणि ती उचलण्यासाठी कॉम्प्रेसरने खर्च केलेली शक्ती, या दोन्हींची बेरीज कंडेन्सरला गाडीबाहेर टाकावी लागते. उदाहरणार्थ, कूलिंग कॉइल ४ किलोवॅट उष्णता उचलत असेल आणि कॉम्प्रेसर २ किलोवॅट शक्ती घेत असेल, तर कंडेन्सरवर ६ किलोवॅटचा भार येतो. मागे आणखी एक कॉइल बसवून तिच्याकडून २ किलोवॅटचे काम करून घ्यायचे ठरवले, तर त्याच प्रमाणात कंडेन्सरचा भार ९ किलोवॅट होतो. मागचा एसी बसवणे म्हणजे दुसरी कॉइल, दुसरा व्हॉल्व्ह आणि दुसरा ब्लोअर. कॉम्प्रेसर आणि कंडेन्सर मात्र दोघींत मिळून तेच. विहिरीवरच्या एकाच मोटारीवर शेजारच्या दुसऱ्या शेताची पाइपलाइन जोडावी, तसा हा प्रकार आहे. मोटारीची ताकद आणि विहिरीचे पाणी पुरेसे असेल तर दोन्ही शेते भिजतात. नसेल तर पहिल्या शेताचेही हाल होतात.

मागे उष्णता येते कुठून

बसलेला माणूस साधारण १०० वॅट उष्णता बाहेर टाकत असतो, म्हणजे सात माणसांचे ७०० वॅट झाले. छतावर आणि काचांवर पडणारे ऊन याहून मोठे असते. भर दुपारी आडव्या पृष्ठभागावर प्रत्येक चौरस मीटरमागे १,००० वॅटच्या आसपास सौरऊर्जा पडते आणि जुन्या गाडीच्या छताच्या पत्र्याखाली उष्णतारोधक थर नावापुरताच असतो. तिसरा वाटा फटींतून शिरणाऱ्या हवेचा, आणि जुन्या गाडीत त्याच्याकडे कोणीच पाहत नाही. एक घनमीटर हवा ४५ अंशांवरून २५ अंशांपर्यंत उतरवायला सुमारे २२ किलोज्यूल उष्णता काढावी लागते. मागच्या दाराचे रबर झिजून दर मिनिटाला एक घनमीटर गरम हवा आत येत असेल, तर केवळ तेवढ्याने ३७० वॅटचा भार वाढतो, म्हणजे जवळजवळ चार माणसे गाडीत जास्तीची बसल्यासारखे होते.

कोकणात आणि गोव्यात हिशेब थोडा बदलतो. तेथे तापमान ३३ अंश असले तरी हवेत बाष्प भरपूर असते आणि कॉइलवर त्या बाष्पाचे पाणी होताना त्याची उष्णताही एसीलाच उचलावी लागते. तासाला एक लिटर पाणी नळीतून बाहेर ठिबकत असेल, तर जवळजवळ ६८० वॅटचे काम नुसते हवा कोरडी करण्यात गेलेले असते. म्हणून रत्नागिरीच्या माणसाचा अनुभव नागपूरच्या माणसाला जसाच्या तसा लागू पडत नाही. नागपुरात २०१३ च्या मे महिन्यात ४७.९ अंशांची नोंद झाली होती; अशा हवेत अडचण बाष्पाची नसून कंडेन्सरची असते, कारण ज्या वाऱ्यात उष्णता टाकायची तो वाराच तापलेला असतो.

या हिशेबामुळे माझे ठाम मत असे झाले आहे की मागचा एसी बसवण्यापूर्वी दारांची रबरे बदलावीत, मागच्या दाराची बिजागरी आणि कुलूप घट्ट करून घ्यावे, छताचे अस्तर उतरवून त्याखाली उष्णतारोधक फोम चिकटवून घ्यावा आणि पुढची कूलिंग कॉइल व ब्लोअर स्वच्छ करून घ्यावेत. ताज्या हवेचा पडदा बंद स्थितीत खरोखर पूर्ण बंद होतो का, हेही तपासावे. जुन्या गाडीत त्याची तार सैल झालेली असते आणि लीव्हर बंदकडे असूनही बाहेरची हवा आत येत राहते. काचांच्या बाबतीत पुढच्या आणि मागच्या काचेतून किमान ७० टक्के व बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के प्रकाश आत आला पाहिजे, ही नियमाची मर्यादा सांभाळावी. एवढे केल्यावर, प्रवासी कमी असतील, तर दोन आसनांच्या मधून पुढची हवा मागे ढकलणारा छोटा पंखाही पुरतो. त्याने थंडावा नव्याने निर्माण होत नाही, असलेला पसरतो. पण चार माणसांच्या कुटुंबाला अनेकदा तेवढेच हवे असते. सातही जागा भरून जाणाऱ्यांनी पुढे वाचावे.

पहिल्यांदा काम का फसले

माझ्या गाडीत पहिल्यांदा हे काम झाले तेव्हा एका गॅरेजने मूळच्या नळ्यांना फाटे फोडून मागे एक डबा बसवला, गॅस भरला आणि गाडी हाती दिली. सकाळी आठ वाजता, रिकाम्या गाडीत, महामार्गावर सारे छान वाटले. दुपारी दीड वाजता वर्ध्याच्या फाटकावर दहा मिनिटे थांबलो, तेव्हा पुढचे आणि मागचे दोन्ही झोत कोमट झाले, इंजिनाच्या तापमानाचा काटा वर सरकला आणि शेवटी मला एसी बंद करावा लागला. आधी निदान पुढच्या दोघांना तरी गारवा मिळत होता, तोही गेला.

गेज, म्हणजे गॅसचा दाब मोजणारे मीटर, लावून पाहिल्यावर कारण समजले. आर-१३४ए ६० अंशांना द्रव होत असेल तर जास्त दाबाच्या बाजूला काटा सुमारे २३० पीएसआय (हे दाबाचे एकक) दाखवतो, आणि ७० अंशांना द्रव होत असेल तर सुमारे २९० पीएसआय. बाहेर ४४ अंश असताना उष्णता बाहेर टाकायची तर कंडेन्सर हवेपेक्षा बराच गरम असावा लागतो. त्याचे क्षेत्रफळ अपुरे पडले किंवा वारा थांबला, की तो आणखी गरम होऊनच वाढलेला भार पेलू शकतो. माझ्या गाडीत उभ्या गाडीवर काटा ३०० च्या पुढे गेला होता. दाब एवढा चढला की कॉम्प्रेसरला बरेच जास्त झगडावे लागते, तो स्वतःच जास्त उष्णता निर्माण करतो आणि दाब आणखी चढत गेला तर, सुरक्षेसाठी प्रेशर स्विच लावलेला असल्यास, तो त्याला बंद करतो. शिवाय कंडेन्सरमधून निघालेला हा तापलेला वारा थेट मागच्या रेडिएटरवर जातो, म्हणून इंजिनही तापू लागते.

यावरचा उपाय म्हणजे आधी कंडेन्सर सुधारणे. जुन्या गाड्यांमध्ये एकाच लांब नळीच्या घड्या घातलेले कंडेन्सर आढळतात. त्याऐवजी अनेक चपट्या नळ्यांमधून गॅस एकाच वेळी वाहणारा पॅरलल फ्लो कंडेन्सर त्याच जागेत बरीच अधिक उष्णता टाकू शकतो. त्याच्यापुढे किंवा मागे, पूर्ण क्षेत्रफळ झाकेल असा, वारा कडेने निसटू न देणाऱ्या कुंपणासह, विजेचा पंखा हवा आणि तो एसी सुरू होताच चालू झाला पाहिजे. इंजिनावर फिरणारा पंखा उभ्या गाडीत संथ फिरतो, त्याच्या भरवशावर दोन कॉइली चालत नाहीत. कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या कडेच्या फटी फोमच्या पट्ट्यांनी बुजवणे हे अगदी स्वस्त काम आहे; त्या उघड्या राहिल्या तर पंखा तोच गरम वारा गोल फिरवत बसतो. रेडिएटर आतून साफ आहे का, त्यातले शीतक ताजे आहे का आणि पंख्याला इंजिनाशी जोडणारा व्हिस्कस कपलिंग धरतो का, हे त्याच वेळी पाहून घ्यावे. माझ्या गाडीत एवढे केल्यावर त्याच फाटकावर, त्याच सुमारास, दाब २५० च्या आसपास स्थिरावला. मागचा डबा मी बदललेलाच नव्हता.

कॉम्प्रेसर आणि इंजिनाची ताकद

कॉम्प्रेसर एका फेरीत किती वायू ओढतो हे त्याच्या घनफळावरून ठरते. सॅन्डन कंपनीच्या सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या मॉडेलांपैकी पाच पिस्टनांचा एक कॉम्प्रेसर १३८ घन सेंटिमीटरचा, तर सात पिस्टनांचा दुसरा १५५ घन सेंटिमीटरचा आहे; म्हणजे मोठा कॉम्प्रेसर घेतल्याने सुमारे १२ टक्केच वाढ मिळते. याउलट इंजिन ८०० फेऱ्यांवर उभे असताना आणि २,४०० फेऱ्यांवर धावत असताना त्याच कॉम्प्रेसरच्या कामात तिप्पट फरक पडतो. महामार्गावर गार आणि सिग्नलवर कोमट, या तक्रारीचे अर्धे उत्तर येथे आहे. म्हणून एसी चालू झाल्यावर इंजिनाच्या फेऱ्या थोड्या वाढवणारे आयडल-अप उपकरण चालते का, हे मोठ्या कॉम्प्रेसरचा खर्च करण्याआधी पाहावे. कॉम्प्रेसर बदलायचाच झाला तर कंस, बेल्टची रांग आणि पुलीचा व्यास जुळला पाहिजे. बेल्ट एक-दोन मिलिमीटर तिरका धावला तरी महिनाभरात त्याचे धागे सुटतात.

जुन्या बोलेरोच्या अडीच लिटर डिझेल इंजिनाची ताकद सुमारे ६३ अश्वशक्ती आहे. कॉम्प्रेसर ३ किलोवॅट घेऊ लागला, तर त्यातली चार अश्वशक्ती तेथेच जाते. सपाटीवर ते जाणवत नाही. भरलेल्या गाडीने आंबा घाट किंवा कसारा घाट चढताना मात्र नक्की जाणवते. अशा चढावर मागचा एसी काही मिनिटे बंद ठेवण्याची सोय चालकाच्या हाताशी असावी.

डबा कुठे बसवावा

मागच्या युनिटसाठी तीन जागा प्रचलित आहेत. पहिली, पुढच्या आसनांच्या मागे छताला. येथून हवा चेहऱ्यावर आणि खांद्यावर येते, जी माणसाला सर्वांत सुखावह वाटते, आणि गार हवा जड असल्याने आपोआप खाली पसरते. परंतु बोलेरोत उंच माणसाचे डोके डब्याला लागते, आणि अचानक ब्रेक लागला किंवा अपघात झाला तर हाच डबा डोक्याच्या पातळीवरची टणक वस्तू ठरतो. तो छताच्या आडव्या पट्ट्यांना बोल्टने बांधलेला असावा, नुसत्या पत्र्याला स्क्रूने कधीही नसावा, आणि त्याच्या कडा गोल असाव्यात. दुसरी जागा मागच्या चाकावरच्या बाजूच्या पोकळीत, जेथून डक्ट वर नेऊन छताच्या कडेने झरोके काढता येतात. काम वाढते, पण डोके मोकळे राहते आणि गाडीचे रूपही बिघडत नाही. तिसरी जागा मधल्या आसनाखाली किंवा दोन पुढच्या आसनांच्या मधल्या कन्सोलमध्ये. ही सोपी असते, पण हवा गुडघ्यांवर येते, वर पोहोचत नाही, आणि चपलांची धूळ ब्लोअर ओढत राहतो. बोलेरोच्या शेवटच्या रांगेतील आसने समोरासमोर असल्याने तेथे बसणाऱ्यांसाठी मागच्या खांबाजवळ एक वेगळा झरोका काढावाच लागतो. मी बाजूची जागा निवडली आणि आज पुन्हा करायचे झाले तरी तीच निवडीन.

कॉइलवर जमलेले पाणी बाहेर जाण्याची नळी हा बारीकसा वाटणारा भाग आहे, पण त्याच्या चुकीने गाडीचा मजला कुजतो. नळी सतत उतरती असावी, तिला मध्ये उंचवटा किंवा पीळ नसावा, आणि तिचे खालचे तोंड चाकाच्या चिखलाच्या वाटेत येऊ नये. छतावरच्या युनिटमध्ये हे पाणी खांबातून खाली आणावे लागते, आणि गाडी घाटात कलली की कॉइलखालच्या ताटलीतले पाणी प्रवाशाच्या अंगावर सांडू नये इतकी ताटलीची कड उंच लागते.

नळ्या, तेल, गॅस

मागे दोन नळ्या जातात: द्रव नेणारी बारीक आणि वायू परत आणणारी जाड. मेकॅनिक त्यांना अनुक्रमे सहा नंबर आणि दहा नंबर म्हणतात. पैसे वाचवण्यासाठी परतीची नळी बारीक घेण्याचा मोह होतो, पण शून्य अंशाच्या आसपास परतीच्या वाटेवर दर दीड पीएसआय दाब गमावला की मागची कॉइल जवळजवळ एक अंशाने गरम राहते. लांब आणि बारीक नळीत असे चार-पाच अंश सहज हरवतात. नळी आतून नायलॉनचा थर असलेली बॅरियर होजच हवी, कारण आर-१३४ए साध्या रबरातून हळूहळू झिरपून जातो. ओ-रिंगही, म्हणजे सांध्यांतल्या रबरी कड्याही, त्याच गॅससाठी बनवलेल्या हव्यात. द्रवाची नळी सायलेन्सरच्या पाइपाजवळून नेली तर द्रव व्हॉल्व्हपर्यंत पोहोचण्याआधीच उकळू लागतो, त्यात बुडबुडे होतात आणि मागचा व्हॉल्व्ह नीट काम करू शकत नाही. म्हणून नळ्या सायलेन्सरच्या विरुद्ध बाजूने न्याव्यात आणि परतीच्या नळीवर फोमचे आवरण घालावे. पत्र्यातून जाते त्या प्रत्येक भोकात रबरी ग्रोमेट असावे, दर हातभर अंतरावर क्लॅम्प असावा आणि चेसिसच्या मुख्य तुळयांना त्यासाठी नवी भोके पाडू देऊ नयेत.

मागच्या फाट्यावर विजेने उघडझाप होणारा एक सोलेनॉइड व्हॉल्व्ह बसवून घ्यावा, असे मी आग्रहाने सांगेन. मागचा ब्लोअर बंद असताना गॅस तिकडे जात राहिला तर कॉइलवर बर्फ धरू शकतो, कारण कॉम्प्रेसर बंद करणारा थर्मोस्टॅट फक्त पुढच्या कॉइलचे तापमान पाहत असतो. सोलेनॉइडमुळे मागचे बटण बंद केले की मागची वाटही बंद होते आणि पुढच्यांना पूर्वीसारखाच एसी मिळतो.

कॉम्प्रेसरचे तेल गॅसबरोबर सगळ्या नळ्यांतून फिरत असते. नवी कॉइल आणि लांब नळ्या जोडल्या की त्यातला काही भाग तेथेच मुरतो, म्हणून कॉम्प्रेसरच्या निर्मात्याने सांगितलेल्या जातीचे तेल योग्य तेवढे वाढवावे लागते. साधारण प्रत्येक जास्तीच्या कॉइलमागे ३० ते ६० मिलिलिटर. कमी पडले तर कॉम्प्रेसर घासून जाम होतो, जास्त झाले तर कॉइलच्या आतल्या भिंतींवर थर बसून गारवा कमी होतो. गॅसही अंदाजाने भरून चालत नाही. आतून ६ मिलिमीटर व्यासाची आणि ५ मीटर लांबीची द्रवाची नळी भरायलाच १५० ग्रॅमहून थोडा अधिक गॅस लागतो, कॉइलचा वाटा वेगळाच. बोनेटखालच्या पट्टीवर लिहिलेले मूळ वजन घ्यावे, त्यात ही भर घालावी, वजनकाट्यावर गॅसचा डबा ठेवून गॅस भरावा आणि शेवटची वीस-तीस ग्रॅमची बारीक जुळवाजुळव गेज पाहून करावी.

गॅस भरण्यापूर्वी कोरड्या नायट्रोजनने दाब देऊन गळती तपासणे आणि नंतर पंप लावून नळ्या निर्वात करणे, या दोन पायऱ्या कोणत्याही कारणाने गाळू देऊ नयेत. ३० अंशांच्या हवेत पाणी उकळायचे तर दाब वातावरणाच्या सुमारे चोविसाव्या भागावर उतरवावा लागतो. पंप किमान अर्धा-पाऊण तास चालला तरच नळ्यांत राहिलेला ओलावा अशा रीतीने वाफ होऊन निघून जातो. राहिलेल्या पाण्याने व्हॉल्व्हच्या तोंडाशी बर्फ होतो आणि आतले धातू गंजतात. स्वस्त गॅसचा मोह तर जीवघेणा ठरू शकतो. २०११ मध्ये व्हिएतनाममध्ये मिथाइल क्लोराइडची भेसळ असलेला गॅस भरलेल्या जहाजी शीत कंटेनरांचे स्फोट होऊन कामगार दगावले. ते रसायन अॅल्युमिनियमशी संयोग पावून हवेत आपोआप पेट घेणारे द्रव्य तयार करते, आणि गाडीच्या एसीतली कॉइल व कंडेन्सर अॅल्युमिनियमचेच असतात. गॅसचा सीलबंद डबा आपल्या डोळ्यांदेखत उघडायला सांगणे यात अविश्वास दाखवण्यासारखे काही नाही.

वीज आणि कागद

मागचा ब्लोअर आठ ते दहा अँपिअर घेतो, कंडेन्सरचा पंखा जवळजवळ तेवढेच, आणि रात्री हेडलाइट लागल्या की आणखी नऊ अँपिअर. जुन्या गाडीचा अल्टरनेटर उभ्या गाडीत हे सारे पुरवू शकत नाही आणि बॅटरी हळूहळू उतरत जाते. त्यामुळे आयडलवर, म्हणजे उभ्या गाडीत इंजिन संथ चालत असताना, सर्व काही चालू ठेवून, बॅटरीच्या टोकांवर साडेतेरा व्होल्ट मिळतात का हे मोजून घ्यावे. नवी जोडणी बॅटरीपासून, फ्यूज बॅटरीजवळ ठेवून आणि रिले लावून स्वतंत्र करावी. एक चौरस मिलिमीटरच्या सहा मीटर तारेतून १० अँपिअर वाहिले तर एक व्होल्ट तारेतच जातो आणि तार तापते. अडीच चौरस मिलिमीटरची तार घेतली तर तोटा अर्ध्याहून कमी होतो. मूळच्या ब्लोअरच्या तारेला सोलून दुसरी तार गुंडाळणे हे आगीला निमंत्रण आहे.

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील निर्मात्याने ठरवलेल्या तपशिलांपेक्षा वेगळे होतील असा बदल मालकाला परस्पर करता येत नाही. आतल्या आत बसवलेल्या युनिटने इंजिन, इंधन किंवा आसनसंख्या बदलत नाही; मात्र त्यासाठी एखादे आसन काढून टाकले किंवा छताच्या बाहेर युनिट चढवले, तर प्रश्न उभा राहतो, म्हणून ते दोन्ही टाळावे आणि शंका असल्यास आरटीओत लेखी विचारावे. विमा कंपनीला कळवून हे उपकरण पॉलिसीत नोंदवून घ्यावे व कामाचे पक्के बिल जपून ठेवावे. गाडीची १५ वर्षांची नोंदणी संपत आली असेल, तर आधी फिटनेस तपासणी होऊन पुढच्या पाच वर्षांसाठी नूतनीकरण होऊ द्यावे आणि मगच या कामावर खर्च करावा.

गाडी ताब्यात घेताना

चाचणी सकाळी घेऊ नये. दुपारी दोन वाजता, उन्हात तासभर उभी ठेवलेली गाडी घ्यावी, सगळ्या जागा भराव्यात, दारे पाच मिनिटे उघडून आतली कोंडलेली हवा जाऊ द्यावी आणि मग एसी लावून जाग्यावरच पंधरा मिनिटे इंजिन चालू ठेवावे. साध्या डिजिटल थर्मामीटरचे टोक मागच्या झरोक्यात घालून तापमान लिहून घ्यावे, नंतर मागचा एसी बंद करून पुढच्या झरोक्याचे घ्यावे, आणि पुन्हा दोन्ही चालू असतानाचे घ्यावे. मागचा चालू केल्यावर पुढचे तापमान तीन-चार अंशांहून अधिक चढत असेल, तर कंडेन्सर किंवा कॉम्प्रेसर भार पेलत नाही असे समजावे आणि पैसे चुकते करण्यापूर्वी ते दुरुस्त करून घ्यावे. माझ्या गाडीत दुसऱ्या खेपेला बाहेर ४३ अंश असताना उभ्या गाडीत मागच्या झरोक्यातून १५ अंशांची आणि चालत्या गाडीत ११ अंशांची हवा मिळाली; इनोव्हाची सर त्याला नाही, पण आई आता चंद्रपूरपर्यंत खिडकी न उघडता बसते.

पावसाळ्यापूर्वी मागच्या ब्लोअरची जाळी आणि पाण्याची नळी साफ करावी. दिवाळीनंतर एसी लागेनासा झाला तरी दर पंधरवड्याला दहा मिनिटे पुढचा आणि मागचा दोन्ही चालवावेत, म्हणजे लांबच्या नळ्यांत साचलेले तेल कॉम्प्रेसरकडे परत येते आणि त्याच्या शाफ्टचे सील कोरडे पडून गॅस गळत नाही.